बॉनेट उघडायला येणारा बाप

गॅरेजमध्ये त्यांना सगळे उस्ताद म्हणत. "एक पट्टा बदलायचा खर्च वाचवायला जाल आणि अख्खं इंजिन गमावून बसाल," हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. ऑइल वेळेवर बदला, ब्रेक कुरकुरला की लगेच दाखवा, हा त्यांचा कायमचा धोशा. गाडी आधी सांगते, आपण कान द्यायला हवा, म्हणायचे. पोटच्या पोरीला मात्र त्यांनी कान दिला नाही.

लेकीने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा रागाच्या भरात उस्ताद बोलून गेले, "तुझ्या घरात पाऊल टाकणार नाही. पाणीसुद्धा पिणार नाही!" झालं, शब्द गेला आणि माणूस हट्टाला पेटला.

पण पोरगी रोज वळणावळणाच्या उतारावरून गाडीने कामावर जाते, हे कळलं आणि त्यांच्या जिवाला घोर लागला. मग दर रविवारी सकाळी स्वारी तिच्या दारात हजर. ऑइलची पट्टी पुसून बघायची, चाकांतली हवा तपासायची. रेडिएटरमध्ये घालायचं पाणीही घरून कॅनमध्ये आणायचे. या घरचं नको म्हणजे नको! शेजारीपाजारी हसायचे. जावई खिडकीतून विचारायचा, "मामा, चहा घेणार?" उस्ताद चाकाला सांगायचे, "हवा कमी आहे."

अशी बरीच वर्षं गेली. आताशा त्यांना वाकवत नव्हतं. एका रविवारी ते ऑइलचं झाकण लावायलाच विसरले. लेकीने पुढे होऊन ते लावलं. उस्तादांनी ते पाहिलं. हेही जमेनासं झालं तर इथे यायचं कुठल्या तोंडाने? आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी बॉनेट उघडलं. पट्टीवर ऑइल नवं, नितळ. पाणी काठोकाठ. चारही चाकांत हवा नीट.

"कोणी केलं हे?"

"मी," लेक दारातून म्हणाली. "इतकी वर्षं खिडकीतून बघतेय तुम्हाला."

"मग माझं काय काम इथे?"

"काहीच नाही, बाबा. म्हणून तर केलं. निदान काम नसलं की आत याल, म्हटलं."

उस्तादांनी गाडीचा आधार घेतला. त्यांना रडू आवरेना.

"चुकलो गं मी. तेव्हाच..."

"ते आत बसून बोलू," म्हणत तिने त्यांचा दंड धरला. पायऱ्या काही त्यांना चढवेनात, तेव्हा जावई खाली आला आणि त्याने दुसरा हात धरला.