सतरा नंबरचा खांब

चौतीस वर्षं टपाल वाटून पोस्टमन घरी बसला आणि पंधरा दिवसांत घरच्यांना नकोसा झाला. सकाळी साडेआठला चपला अडकवायचा, दारापर्यंत जायचा, कुठे जायचंच नाही हे आठवून परत यायचा. थोरली बहीण त्याच्याकडेच राहायची. नवरा गेल्यापासून तिचा आणि तिच्या जिभेचा मुक्काम तिथेच होता.

"अरे, घाण्याचा बैल सोडला तरी गोलच फिरतो," ती म्हणाली. "जा कुठेतरी लांब. तुझे पाय मोकळे होतील आणि आमचं डोकं."

तो गेला गावाबाहेरच्या राखीव रानात. तिथे गाड्या आत सोडत नाहीत. मोठा रस्ता सोडून वीस मिनिटं चालावं तेव्हा फाटक लागतं. फाटकातून दोन वाटा फुटतात. डावी कुरणातून जाते, उजवी झाडीतून. मधे ओढा. टोकाला तळ्यापाशी दोन्ही एकमेकींना मिळतात. दर दोनशे पावलांवर कमरेएवढा लाकडी खांब, प्रत्येक वाटेला बारा. खांबांवरचे आकडे ऊनपावसाने कधीच धुऊन नेले होते. फाटकावरची पाटी मात्र ठणठणीत होती : अडचण आल्यास खालील फोनवर जवळच्या खांबाचा नंबर कळवा.

बिननंबरी घर म्हणजे पोस्टमनच्या डोळ्यांतलं कुसळ. तो रानाच्या कचेरीत जाऊन साहेबासमोर उभा राहिला.

"हौस आहे तर लावा की नंबर, काका," साहेबाने रंगाचा डबा पुढे सरकवला.

पूर्वी कुरणात एक ते बारा आणि झाडीत तेरा ते चोवीस असे नंबर होते. ते सांगायला हवं, हे साहेबाच्या डोक्यातही आलं नाही. पोस्टमनने ओढ्याच्या अल्याड बघितलं, पल्याड बघितलं, आणि त्याला चक्क एक गल्ली दिसली. डाव्या हाताला विषम, उजव्या हाताला सम. सगळं जग असंच वसलेलं असतं. कुरणात त्याने एक, तीन, पाच घातले. झाडीत दोन, चार, सहा. आठवडाभर गुडघे चोळत काम केलं. रानाचा रखवालदार नेमका त्याच आठवड्यात रजेवर होता.

"खांबांना पत्रं कधीपासून येणार रे?" बहीण रोज विचारायची.

आणि मग एका बुधवारी, भावाला पत्ता लागू न देता, ती एकटीच ते खांब बघायला गेली.

तिला साखरेचा आजार. सकाळची गोळी घेतली की दीडच्या आत पोटात काहीतरी जायलाच हवं, नाहीतर घाम सुटून शुद्ध हरपायची. एकदा तसं झालंही होतं. जेवणापर्यंत परत येऊ, असा तिचा हिशेब. साडेबाराला रखवालदाराचा फोन वाजला.

"सतरा नंबरपाशी पडलेय. पाय टेकत नाही. पोस्टमनची बहीण बोल–" एवढ्यावर तिचा फोन मेला.

रखवालदाराच्या डोक्यात सतरा म्हणजे झाडी. दोन माळी आणि स्ट्रेचर घेऊन तो उजव्या वाटेने सुटला. आकडे बघून चक्रावला, पण थांबला नाही. चौदा झाला, सोळा झाला आणि पुढे एकदम अठरा. सतरा असला तर या दोहोंच्या मधेच, आणि बाई त्याच्या आसपास असणार, असं धरून तिघांनी दोनशे पावलांतली जाळी न् जाळी धुंडाळली. ओढ्याच्या घळीत उतरले. हाका मारून घसा बसला. मग त्याने पोस्टमनला कळवलं.

पोस्टमन पोचला तेव्हा दोन वाजत आले होते. खिशात बिस्किटाचा पुडा. फाटकात रखवालदार काट्यांनी ओरबाडलेला उभा.

"काका, सतरा नंबर कुठे गाडलात हो? सोळा आहे, अठरा आहे. मधे नुसते काटे!"

"तिथे कसा असेल?" पोस्टमन म्हणाला. "सतरा समोरच्या बाजूला."

"समोर? समोर तर ओढा आहे!"

"ओढ्यापलीकडे. विषम डावीकडे, सम उजवीकडे. एवढंही माहीत नाही?"

रखवालदाराने कपाळावर हात मारला. "अहो, हे रान आहे! गल्ली नव्हे!"

पोस्टमन तडक कुरणाच्या वाटेला लागला, गुडघ्यांना न विचारता. रखवालदार आणि माळी त्याला मागे टाकून पुढे गेले.

नवव्या खांबापाशी, म्हणजे सतरा नंबरपाशी, गवत छातीपर्यंत होतं. त्यात ती खांबाला पाठ टेकून बसली होती, पांढरीफटक, घामाने निथळत. पोस्टमन पोचला तेव्हा रखवालदार तिला पाणी पाजत होता. पोस्टमनने बिस्किटं एकेक करून तिच्या तोंडात घातली. चौथ्यानंतर तिने त्याचा हात ढकलला.

"सतरा म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"हो. बरोबर सांगितलंस."

"ओढ्यापलीकडून हाका ऐकत होते. ओ द्यायला आवाज फुटेना. मग? ह्यांना वाचता येत नाही?"

पोस्टमन पुड्याचा कागद घडी घालत राहिला.

"मी चुकवलं, ताई," तो शेवटी म्हणाला.

तिचं हाड मोडलं नव्हतं. तीन आठवडे पाय उशीवर ठेवून तिने घर चालवलं.

साहेबाने रंगाचा डबा पुन्हा पुढे सरकवला. या वेळी रखवालदार सोबत होता. तो जुना नंबर सांगायचा, पोस्टमन आधीचा खरवडून तो लिहायचा. पाचच्या जागी तीन. सातच्या जागी चार. पोस्टमनने एकदाही वाद घातला नाही. तेराव्यापाशी फक्त म्हणाला, "अशाने टपाल पोचायचं नाही."

"पण माणूस पोचेल की," रखवालदार म्हणाला.

संध्याकाळी बहिणीने विचारलं, "झाले का सगळे?"

"झाले. तू पडलीस तो आता नऊ नंबर."

"नऊ तुमच्या घरी," ती पाय सावरत म्हणाली. "मी सतरालाच पडलेय. कोणी विचारलं तर तेच सांगणार."