दुसऱ्याने वाचलेला निबंध

निर्मला गेल्याचं कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. खाली जोडलेले हात, आणि लगेच आमच्या माजी प्राचार्यांचा मेसेज, की त्यांच्या हवामानावरच्या निबंधात तिची मोलाची मदत झाली होती. मदत... डोक्यात तिडीक गेली. महिना झाला, राग उतरलेला नाही.

निर्मला जासईची, आगरी घरातली. बेलापूरच्या कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची, मी मराठी. स्टाफरूममधला पंखा बंद पडला की ही बाई हिमयुगाच्या गोष्टी काढायची. डोंगराळ मुलखातले अवाढव्य धोंडे पुराने वाहत आले असं विद्वान छातीठोक सांगत, आणि ते बर्फाने आणले म्हणणाऱ्याला हसत. पुढे हवेतला एक वायू घटल्याने हिमयुग आलं असेल का, याचा हिशेब मांडताना एकाला उलटी बाजूही दिसली, की कोळसा जाळत राहिलो तर तोच वायू वाढून पृथ्वी तापेल. त्याच्याही कितीतरी आधी अमेरिकेतल्या एका बाईने काचेच्या नळ्यांत वायू भरून उन्हात ठेवले होते आणि तोच वायू जास्त तापतो हे दाखवलं होतं. पण परिषदेत तिचा निबंध वाचला एका पुरुषाने. निर्मलाचा सगळा जीव त्या बाईवर.

या सगळ्यावर तिने आमच्या कॉलेजातल्या परिषदेसाठी निबंध लिहिला. परिषदेच्या सकाळी प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमच्या बोलण्यात गावाकडचा हेल येतो. मीच वाचतो." आणि वाचला. त्या अमेरिकन बाईवरचा परिच्छेदसुद्धा खणखणीत आवाजात, हळहळत वाचला. कुठे जीभ अडखळली नाही. टाळ्याही त्यांनीच घेतल्या. माझ्या शेजारी बसलेली निर्मला पुटपुटली, "ती बाईपन अशीच बसली असंल का गो?" त्यानंतर तिने एक ओळ लिहिली नाही. ती गप्प राहिली म्हणून तिला चालतंय, असं सगळ्यांनी सोयीने धरून घेतलं. तिला ते अजिबात चाललं नव्हतं.

शनिवारी शोकसभा आहे, तयारी माझ्याकडे आहे. श्रद्धांजली म्हणून तोच निबंध पुन्हा वाचायला माजी प्राचार्य तयार आहेत. नाहीतर तुम्ही वाचा, तुमचे उच्चार स्वच्छ आहेत, असं मलाही सुचवून झालं. मी दोन्हींना नाही म्हटलं.

परिषदेच्या आदल्या संध्याकाळी सरावासाठी तिने अख्खा निबंध स्वतः वाचून, रेकॉर्ड करून मला पाठवला होता. मधेच बाहेर कंटेनरचा ट्रक हॉर्न वाजवतो, ती "थांब जरा" म्हणते, पाणी पिते, आणि त्याच हेलात पुढे वाचू लागते... शनिवारी मी फोन माइकपाशी धरणार आहे. माजी प्राचार्यांसाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली आहे.