अर्ध्यावर थांबलेला पाठ

केजात तेव्हा आम्हा ख्रिस्ती लोकांची मोजकीच घरं होती. नाताळाआधीच्या आगमनकाळात गल्लीतल्या बाया संध्याकाळी आमच्या ओसरीवर जमायच्या. पाळकसाहेबांनी नगरहून मननाची पुस्तिका आणून दिलेली. मी नुकतीच डी.एड. झाले होते, म्हणून वाचायचं काम माझ्याकडं. रोज एक पाठ, त्यावर बोलणं, मग प्रार्थना.

त्या दिवशीचा पाठ गरोदर मरियेच्या प्रवासाचा होता. मी वाचत असतानाच शेजारची मावशी ओरडली, "बंद कर गं ते!"

तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला कड्याच्या साखर कारखान्याकडं गेले होते. सुनेला आठवा लागलेला. गेल्यापासून निरोप नव्हता.

"मीच धाडली तिला," मावशी कपाळ बडवत म्हणाली. "एकट्या गड्याला मुकादम घेत न्हाई म्हणून. आता कोणत्या तोंडानं मागू देवाला?"

पाठाखाली चर्चेसाठी प्रश्न छापलेले होते. ते वाचायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्यानं उघडलेल्या एसटीडी बूथवरून कारखान्यात फोन लावला. "लई टोळ्या हायेत बाई, कोण कुठं उतरलंय काय सांगावं?" असं म्हणून तिथल्या माणसानं फोन ठेवला. मग मावशी, माझी आई आणि मी एसटीनं निघालो. कड्याला उतरून उसाच्या पाचटानं शाकारलेल्या मजुरांच्या कोप्यांमधून विचारत फिरलो. मावशी दिसेल त्या बाईचा हात धरायची, "केजची पोटुशी पोरगी बघितली का गं?"

दिवस मावळताना मुलगा दिसला. कोपीच्या तोंडाशी बसलेला. आईला बघूनही उठला नाही.

"पोरगी झालती," तो म्हणाला. "रडलीच न्हाई."

आत सून तापानं फणफणलेली. मावशीला ओळखल्यावर तिचे ओठ हलले. "आत्या, नाव बी ठेवलं न्हाई हो तिचं."

मावशी तिच्या उशाशी बसली. माझ्या आईनं प्रार्थनेसाठी हात जोडले. एवढंच म्हणाली, "प्रभू, हिला तरी ठेव."

तिथल्या डॉक्टरनं सुया दिल्या, ताप उतरल्यावर तिला घरी आणलं. ती वाचली. नाताळाच्या सकाळी सगळे उपासनेला गेले, मावशीचं दार मात्र लोटलेलंच होतं. मी डोकावले. सुनेचा पान्हा थांबत नव्हता. दूध आटावं म्हणून मावशी जुन्या लुगड्याची पट्टी तिच्या छातीला घट्ट आवळत होती, आणि दोघी एकमेकींकडं न बघता रडत होत्या.