बेडकाला लावलेलं हळदकुंकू

फ्रिस्कोच्या आमच्या घरामागे एसीच्या युनिटखाली एक बेडूक राहायचा. मुठीएवढा, खरबरीत पाठीचा. बायको गेली त्या उन्हाळ्यात मुलीला तो पहिल्यांदा दिसला. ती तेव्हा बावीस वर्षांची होती. आई गेल्यापासून माझ्याशी फारशी बोलत नसे, विचक्राफ्टची पुस्तकं वाचत बसे. मी त्याला चेटूक म्हटलं की दार आपटायची.

एका संध्याकाळी म्हणाली, "बाबा, ही इज माय फॅमिलियर."

फॅमिलियर म्हणजे तिच्या साधनेतला सोबती.

"लग्नबिग्न करायचं नाही ना ह्याच्याशी?" मी विचारलं.

ती हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. मी मोजले होते.

दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गला नोकरी लागली तेव्हा तिने त्याला बरोबर नेलं नाही. "त्याचं घर इथे आहे. तो माझा नोकर नाहीये, बाबा." मला मात्र नियम पाठ करायला लावले. नळाचं पाणी भांड्यात चोवीस तास उघडं ठेवून मगच बशीत घालायचं. हात लावायचा नाही. जवळ जायचं तर आधी त्याला विचारायचं, आणि तो मागे सरला तर आपणही मागे सरायचं. "आणि त्याच्याकडे काही मागायचं नाही. ते माझं आणि त्याचं आहे. तू फक्त पाणी दे."

मी रोज दोनशे मिलिलिटर मापून द्यायचो. तो कधी आला, किती वेळ बसला, ते वहीत लिहायचो. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा. मी वही वाचून दाखवायचो. फोन साधारण अकरा मिनिटं चालायचा, त्यातली नऊ बेडकाची. उरलेल्या दोन मिनिटांत ती विचारायची, जेवतोस ना नीट, गोळ्या घेतोस ना. तेवढी दोन मिनिटं माझी.

दोन दिवाळ्या ती घरी आली नाही. तिसऱ्या दिवाळीच्या तीन आठवडे आधी, एका शुक्रवारी, मी नियम मोडला. बेडकावर माझी श्रद्धा बसली होती असं नाही. पण मागायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. देवाकडे बायकोसाठी मागून झालं होतं.

दिवेलागणीला तो बशीत येऊन बसला. मागायचं ते कोरडं कसं मागायचं, म्हणून मी देवघरातला हळदकुंकवाचा करंडा आणला. वाकून म्हणालो, "पोरीला घरी आण." मग त्याच्या पाठीवर बोटाने हळद लावली, वर कुंकू. नव्या गाडीला लावतो तसंच. तो मागे सरला. ते मला दिसलं. तरी मी पुन्हा बोट टेकवलं, कारण कुंकू नीट लागलं नव्हतं.

शनिवारी सकाळी तो बशीशेजारी उताणा पडला होता. मग मी वाचलं, की बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून घेतो, आणि कातडीवर जे पडेल तेही आत जातं. हात का लावायचा नाही, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. तिच्या विश्वासाशिवाय त्याला काही कारण असेल असं मला वाटलं नव्हतं.

रविवारी दहाला फोन आला. "बाबा, मी येतेय दिवाळीला! पाच दिवस. तिकीट मंगळवारीच बुक केलं, म्हटलं रविवारी सांगावं. त्याला सांग हं."

मंगळवारी. मी मागितलं शुक्रवारी.

थंडीत बेडूक जमिनीत शिरतात. तसं सांगितलं असतं तर तिने मानलं असतं. मी सगळं सांगितलं, दुसऱ्यांदा टेकवलेल्या बोटासकट.

 तिने विचारलं, "डिड यू आस्क हिम?"

"नाही."

"मागे गेला होता तो?"

"हो."

"अँड यू स्टिल डिड इट."

फोन चार मिनिटांत संपला.

तिला विचारल्याशिवाय पुरायचं नाही, म्हणून मी त्याला बुटांच्या खोक्यात ठेवलं होतं. कुठे पुरू, असा मेसेज केला. संध्याकाळी उत्तर आलं, 'तिकीट कॅन्सल केलं.' जागेबद्दल काहीच नव्हतं.

एसीच्या युनिटजवळ खड्डा खणला. पुरण्याआधी उघडं ठेवलेल्या पाण्यात कापूस भिजवून त्याची पाठ पुसली. कुंकू गेलं. हळद निघाली नाही.