फटाकडी आणि आईची काठी

वडिलांना साप चावला तो पाण्याच्या कडेला, म्हशीसाठी गवत कापताना. निफाडच्या पुढं बंधाऱ्यामागं गोदावरीचं पाणी पसरतं, आमचं वावर त्याच्या काठाला संपतं. वडील वाचले, पण उजव्या हाताची बोटं वळेनात. विळा धरता येईना. म्हैस विकली, आई द्राक्षाच्या बागांवर मजुरीला जाऊ लागली. पाण्यातल्या उंच गवतात, पाणकणसात शिरताना आधी काठी आपटायची, खाकरायचं, मग पाय टाकायचा, असं आमच्याकडं सगळेच करतात. आमच्या घरात जरा जास्तच.

त्या घरातून मी कॉलेजला गेले. शेवटच्या वर्षी प्रकल्पाला घेतली छोटी फटाकडी, पाणथळीतलं पाखरू. चिमणीहून थोडी मोठी, पाठ तपकिरी, डोळा लाल. थंडीत येते, पाणकणसाच्या बुडाशी राहते, चाहूल लागली की उडत नाही, पळत आत घुसते. ओरडते बेडकासारखी. तो आवाज मी लहानपणापासून ऐकत होते आणि बेडूकच समजत होते.

सर म्हणाले, "पुस्तकातलं नको. ती कशी चालते, काय खाते, तू बघितलेलं लिही. मोबाईलवर घेतलंस तर उत्तम. बघितलंच नाहीस तर पुढच्या वर्षी बस."

पुढचं वर्ष माझ्याकडं नव्हतं. घोटीचं स्थळ आलेलं. वडिलांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं की यंदा पोरगी पास झाली तर नोकरी करील, नाय झाली तर या.

रोज पहाटे जायचे. आई काठी घेऊन मागं. फटाकडी ओरडायची, आम्ही पोचलो की गप्प. शेजारची काकू बांधावरून विचारायची, "पंधरा वर्षं शाळा शिकली ती पाखरं हुडकायला का गं?" मी पाण्याकडं चालत राहायचे. थंडी सरत आली होती. पाखरू निघून जाणार आणि मी घोटीला.

एका सकाळी मी एकटीच पुढं आले आणि बांधावर नुसती बसून राहिले. उठायचं बळच नव्हतं. हाताच्या अंतरावर ती ओरडू लागली. तेवढ्यात मागून आई आली, काठी आपटली, खाकरली. आवाज तुटला.

"आई, काठीनं पळतीय ती."

"मग काय, न आपटता जाती आत? बापाचा हात रोज बघती ना?"

"बघते. म्हणूनच जाते. मला पास व्हायचंय."

आई तशीच घरी गेली. मग वडिलांचे गमबूट आणून माझ्यापुढं टाकले. "घाल. आणि पाय घासत नको टाकू." स्वतः काठी काखेत दाबून बांधावर उभी राहिली. खोकलासुद्धा गिळत होती.

मी गुडघाभर पाण्यात उभी. पोटरीला काही लागलं की जीव जायचा. ते गवतच असायचं, पण खाली बघायची हिंमत नव्हती. पाणी हललं नाही तशी ती आली. तरंगत्या पानांवरून, आखूड शेपूट झटकत, एकेक किडा टिपत. नजर तिच्यावरच ठेवून मोबाईल धरला, त्यात निम्मं पाणीच आलं. पण ती आली होती.

बाहेर आले तर आईचे ओठ पांढरे पडलेले. "दिसली?"

"दिसली."

"मग चल आता. मला कामाला उशीर झालाय."

सरांनी प्रकल्प घेतला. घोटीच्या स्थळाला वडिलांनी नकार कळवला. त्या वर्षी मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली.