बनाबाईनं उचललेला बेलभंडार

कुंभारीच्या बिरप्पा धनगराचा धुळाप्पा मुंबईला नेमकं काय शिकतो, हे गावात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. वकील होणार म्हणावं तर कोर्टाचं नाव काढत नव्हता, आणि डाक्तर म्हणावं तर मेंढराच्या पायात काटा मोडला तरी बापालाच हाक मारायचा. त्याची बायको बनाबाई विहिरीवर बायकांना सांगायची, "देशादेशांची भांडणं कशी लागत्यात आन् कशी मिटवायची, त्ये शिकत्यात."

"आसं व्हय? मग आदी आमच्या जावाजावांचं मिटवा म्हणावं की," बायका म्हणायच्या.

बनाबाई हसायची आणि घागर उचलायची. ती शाळेची पायरी कधी चढली नव्हती. नऊ वर्षांची असताना तिचं लग्न झालं, आणि तिचा नवरा तेव्हाही पुस्तकच घेऊन बसलेला होता. सासू लवकर गेली. घरात उरली ती दोघं, ती आणि सासरा बिरप्पा. बिरप्पा मेंढरं राखायचा आणि बिरोबाची पूजा करायचा. धुळाप्पा सोलापूरला भवानी पेठेत मल्लप्पा विणकऱ्याच्या ओसरीवर राहून शाळा शिकला. मल्लप्पाच्या घरात तेलुगू चाले, तीही तो शिकला. पुढं वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळाली, मुंबई गाठली, बी. ए. झाला आणि एम. ए.ला बसला.

सुट्टीला आला की बनाबाई लोकर कातायची आणि तो बोलत बसायचा. एवढं बोलणारा नवरा दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला नव्हता, त्यातलं निम्मं कळलं नाही म्हणून काय झालं?

"मोठी लढाई झाली नव्हं, तवापासनं सगळ्या देशांनी मिळून पंचायत बशिवलीया. जिनिव्हा म्हणून गाव हाय, तितं," तो सांगायचा.

"आपलं पंच बी हायत व्हय तितं?"

"आपल्या नावानं सायबच जातोय. एकादा राजा बी नेत्यात संगं, शोभंला."

"आन् पंचाचं न्हाई ऐकलं तर? वाळीत टाकत्यात?"

"टाकाय पायजे. अजून कुणाला टाकलं न्हाई."

"मग कसली वो पंचायत? चा-पानाची बैठक म्हणा की."

धुळाप्पा मोठ्यानं हसला. म्हणाला, "हेच आमच्या मास्तरला तीन तास लागलं सांगायला."

एकदा बिरप्पानंही विचारलं, की लेका, हे शिकून पोटाला काय? धुळाप्पानं बोटांवर मोजलं. लिहायची हातोटी असली तर वर्तमानपत्रात परदेशच्या बातम्या. नशीब असलं तर कॉलेजात मास्तरकी. वशिला असला तर जिनिव्हा. आणि यातलं काहीच नसलं तर कारकुनी.

"म्हंजी कारकुनीच," बिरप्पा म्हणाला आणि मेंढरांकडं गेला. पण हाच बिरप्पा इंग्रजाच्या आणि मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या, हद्दीतल्या बारा गावांत मेंढरं घेऊन फिरायचा. कुणाच्या रानात खतासाठी किती दिवस कळप बसवायचा आणि बदल्यात काय घ्यायचं, ते सगळं तोंडी ठरायचं. तीस वर्षांत त्याचा एक शब्द मोडला नव्हता. धुळाप्पानं हे आपल्या मास्तरला सांगितलं होतं, आणि मास्तरनं वहीत लिहून घेतलं होतं म्हणे.

एकोणीसशे तीसच्या उन्हाळ्यात सोलापुरात गोळीबार झाला, मागून मार्शल लॉ आला. धुळाप्पा सुट्टीला आलेला होता, आणि नेमका लोकर विकायला सोलापूरला गेला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो लोकरीच्या गाठोड्यांची गाडी घेऊन कुंभारीला परत आला, आणि गाठोड्यांच्या खालून मल्लप्पा निघाला. त्याच्या मांडीत गोळी होती. तो मोर्चात नव्हता, बायकोला आणायला बाजारात गेला होता. पण पोलीस ते कुणाला विचारत बसले नव्हते.

बनाबाईनं त्याला तीन दिवस मेंढरांच्या वाड्यात, कळपाच्या मागं ठेवला. हळद भरली, पेज पाजली. चौथ्या दिवशी बिरप्पानं त्याला कळपाबरोबर मोगलाईत नेला. नाक्यावरच्या शिपायाला सांगितलं, माझा भाऊ हाय, पाय सुजलाय. आठ दिवसांनी बिरप्पा एकटाच आला. मल्लप्पाची मांडी काळी पडली होती. मोगलाईतल्या एका ओढ्याच्या काठी त्याला माती दिली होती.

त्यावर घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

तीन वर्षं गेली. धुळाप्पा एम. ए. झाला. वर्तमानपत्रवाल्यांनी फुकट लिहून घेतलं, कॉलेजांनी जागा नाही म्हणून सांगितलं. मग एक दिवस तो धावतच घरी आला. मलायात रबराच्या मळ्यांवर आपल्याकडचे हजारो मजूर होते, त्यातले पुष्कळ तेलुगू. त्यांची गाऱ्हाणी ऐकायला सरकारची एक कचेरी होती, आणि तिथं शिकलेला, तेलुगू बोलणारा माणूस हवा होता. धुळाप्पाची निवड झाली होती.

"मळेवाल्याच्या तोंडावर मजुराचं गाऱ्हाणं ठेवायचं. ह्याच्यासाठीच शिकलो मी, बना," तो म्हणाला. त्याचे डोळे इतके लखलखत होते की बनाबाईला भीतीच वाटली. तिच्या कडेवर दोन वर्षांची मायाक्का होती. तिघांनी जायचं ठरलं. फक्त वागणुकीचा दाखला पोलिसांकडून यायचा राहिला होता. धुळाप्पा कागदपत्रांसाठी मुंबईला गेला.

दाखल्याच्या चौकशीला रावजी हवालदार आला. तो शेजारच्याच गावचा, आणि धनगरांच्या देवधर्माची त्याला पुरती माहिती. बाजेवर बसून त्यानं पाणी घेतलं, मायाक्काचा गालगुच्चा घेतला आणि कागद काढला.

"बिरप्पा आण्णा, तुमचं पोरगं मल्लप्पा विणकऱ्याकडं ऱ्हायाला व्हतं. तो मल्लप्पा गोळीबारापासनं फरारी हाय. हितं आलता काय?"

"मी मेंढरामागं असतोय, सायेब."

"सायेब कशाला म्हणताय? मी काय इलायतीतनं आलोय?" रावजी हसला. "हे बगा, मला बी पोरगं सातासमुद्राफुडं गेलेलं पायजेच की. देव्हाऱ्यात बेलभंडार हाय न्हवं? तेवढा उचला, म्हणा आला न्हवता, आन् मी हितंच बोटभर शाईनं चांगलं लिवतो."

बिरप्पा देव्हाऱ्याजवळ गेला. बिरोबापुढची हळद आणि बेलाचं पान हातात घेऊन धनगर जे बोलेल ते खरं, हे रावजीला माहीत होतं. खोटं बोलला तर देव त्याच्या वंशावर येतो, हे बिरप्पाला माहीत होतं. म्हाताऱ्याचा हात भंडाऱ्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. रावजीनं कागदावर बोट ठेवलं.

तेवढ्यात बनाबाई पुढं झाली. "मामांचं हात कापत्यात. तवा घरात मीच व्हते, मी उचलते."

तिनं पोरीला खाली ठेवलं, भंडारा मुठीत घेतला, बेल ठेवला आणि म्हणाली, "आमच्या घरात कोन बी आलं न्हाई."

रावजीनं चांगलं लिहिलं, पान खाल्लं आणि निघून गेला.

बिरप्पा त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मायाक्काचं अंग तापलं, चौथ्या दिवशी लाल पुरळ उठला. गोवर होता. गावात दहा पोरांना गोवर होता.

"मामा, समद्या गावाला हाय," बनाबाई म्हणाली.

"गावानं खोटा भंडारा उचलला न्हाई."

म्हाताऱ्यानं घोंगडी खांद्यावर टाकली. तो कुठं निघाला ते विचारायची गरजच नव्हती. फौजदारापुढं खरं बोललं की देवापुढचं खोटं फिटतं, असा त्याचा हिशेब. बनाबाईनं घाईनं त्याच्या वहाणा चुलीमागं टाकल्या. बिरप्पानं इकडंतिकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, आणि अनवाणीच बाहेर पडला.

ती दारात उभी राहिली. पोर खांद्यावर निखाऱ्यासारखी होती. मामा, म्हणून एक हाक मारली असती, पायाशी पडली असती, तर म्हातारा थांबला असता. सुनेचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. पण तिनं हाक मारली नाही. म्हातारा बाभळीपलीकडं दिसेनासा होईपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि मग पोरीचं डोकं पुसायला आत गेली.

बिरप्पाला चार दिवस चौकीत बसवून ठेवला, मारहाण झाली, मग म्हातारा म्हणून सोडला. रावजीची बदली झाली. पोर बरी झाली. मलायाच्या नोकरीचं पत्र आलं ते नकाराचं, तीन ओळींचं होतं.

धुळाप्पा घरी आला. बापाला काही बोलला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढं कधीच नाही. बायकोला एवढंच विचारलं, "तू आडवलं न्हाईस त्यांना?"

"वहाणा लपिवल्या," बनाबाई म्हणाली.

तो तिच्याकडं बघत राहिला आणि मग हसू लागला. ते हसणं ऐकून मायाक्का रडायला लागली.

पुढं त्याला एका गिरणीत हजेरी मांडायचं काम मिळालं, जिथं कापूस पिंजतात त्या खात्यात. ते भवानी पेठेत राहायला गेले. संध्याकाळी विणकर ओट्यावर जमायचे आणि तो त्यांना वर्तमानपत्र वाचून तेलुगूत सांगायचा. इटलीनं हबशांचा देश, अबिसिनिया, गिळला तेव्हा एकानं विचारलं, "अण्णा, ती देशांची पंचायत काय करतीया?" धुळाप्पानं पेपर घडी घालून ठेवला आणि त्या दिवशी पुढचं वाचलंच नाही. बिरप्पा कुंभारीतच वारला. लेकानं खांदा दिला, पण बोलायचं ते राहूनच गेलं.

कापसाच्या धुळीनं म्हणा की कशानं, चार वर्षांत धुळाप्पाची छाती भरली. खोकल्यातून रक्त पडू लागलं. डाक्तरनं दूध आणि मोकळी हवा सांगितली. दूध मिळालं.

एका दुपारी तो भिंतीला टेकून बसला होता. बनाबाई त्याची पाठ चोळत होती. पाच वर्षं जे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं ते तिनं त्याच्या पाठीकडं बघतच सांगितलं. तोंडाकडं बघून सांगायची तिची छाती झाली नाही.

"मामा निगाले तवा म्या हाक मारली न्हाई. मारली असती तर थांबले असते."

बाहेर मायाक्का पोरींबरोबर सागरगोटे खेळत होती, तिचा आवाज येत होता.

"पोरगी जेवली का?" त्यानं विचारलं.

"जेवली."

"मग झालं."

त्यानंतर तो दहा दिवस जगला. या दहा दिवसांत तो औषधाचं बोलला, मायाक्काच्या शाळेचं बोलला, पण त्या गोष्टीवर परत आला नाही. मग झालं म्हणजे त्यानं माफ केलं, का बोलायचा कंटाळा आला, हे बनाबाईला कधी कळलं नाही. विचारणार होती, पण रोज वाटायचं, आज खोकला जास्त आहे, उद्या विचारू.