अक्कांचा पर्लू

स्वतःला न येणारी गोष्ट दुसऱ्याला शिकवण्याची अक्कांइतकी दांडगी हौस मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. येणाऱ्या गोष्टींचा त्यांना कंटाळा असे. कोडबळी, म्हणजे कानडी कडबोळी, त्या अशी करत की डबा उघडताच तीन बाकांवरची माणसं वळून बघत, पण कृती विचारली तर "कर की, त्यात काय आहे," एवढ्यावर भागवत. उलट ज्या विषयाच्या पाण्यात नुकतेच घोटे भिजलेत, त्यात दुसऱ्याला पोहायला शिकवण्यासाठी त्या पदर खोचून तयार. "आपल्याला येतंय ते कोण पण शिकवतंय रे," त्या म्हणत. "येत नाही ते शिकवलं की दोघांना पण येतंय."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नोकरी शोधत सांगलीहून बंगळुरूला आलो आणि जयनगरात एका बेकरीच्या माडीवर चालणाऱ्या कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागलो. रविवार सकाळचा वर्ग. सगळी माझ्यासारखी बेकार पोरं, आणि पहिल्या बाकावर अबोलीचा गजरा माळलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या अक्का. मी मराठी म्हटल्यावर त्यांनी मला शेजारी ओढून बसवलं. "आमची माणसं तीनशे वर्षांमागं घोड्यावरून आली इथं. तू काल बसमधून आलास. म्हणून स्वल्प माझं ऐकायचं," असं सांगून त्यांनी नातं पक्कं केलं. बोम्मसंद्र्याच्या एका पंपांच्या कारखान्यात त्या स्टोअरमध्ये कारकून होत्या. शेजारच्या टेबलावरच्या सरोजालाही त्यांनी क्लासला ओढून आणलं होतं. सरोजा कन्नड बोलणारी, तान्हं मूल आईकडे ठेवून येणारी, आणि अक्कांसमोर तोंड न उघडणारी.

आम्ही पर्ल नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकत होतो. अक्का तिला 'पर्लू' म्हणत आणि शेजारच्या घरातलं हट्टी पोर असल्यासारखं वागवत. पडद्यावर चूक उमटली की "काय झालं रे राजा?" असं आधी विचारत, मग ती चूक खणखणीत आवाजात वाचून दाखवत. जेमतेम महिना झाला असेल, तोच आमच्या मास्तरांना अमेरिकेचा व्हिसा मिळाला आणि ते पेढेही न वाटता गेले. क्लासच्या मालकाने सांगितलं, मशीन आहेत, बसा हवं तेवढं. बरीच पोरं पांगली. पुढच्या रविवारी अक्का खडू घेऊन फळ्यापुढे उभ्या राहिल्या आणि मास्तरांनी कधीच न शिकवलेला धडा त्यांनी सुरू केला.

अडलं की त्या पुस्तक उघडत नसत. समोर येईल त्याला समजावून सांगत. एकदा बेकरीवाला काही विचारायला वर आला. अक्कांनी त्याला खुर्चीत बसवून एकच काम पुन्हा पुन्हा कसं करून घ्यायचं ते कन्नडमध्ये सांगायला घेतलं. निम्म्यात त्या थबकल्या, "अय्यो, सरी सरी!" म्हणजे बरोबर, बरोबर, असं म्हणाल्या, आणि त्यांची चूक सापडली. खाली तोवर पावाचा अख्खा ट्रे करपला होता. बेकरीवाला पुन्हा माडी चढला नाही.

मग कारखान्यात नवी यंत्रणा आली. सुट्या भागांची हजारो नावं एका फाईलमध्ये होती, वर्षानुवर्षं निरनिराळ्या हातांनी टाइप केलेली. साहेबांनी ती सारखी करून मागितली. जमलं नाही तर बाहेरच्यांना काम देऊ आणि स्टोअरच्या दोघींना होसकोट्याच्या गोदामात पाठवू, असंही सांगितलं. होसकोटे म्हणजे शहराचं दुसरं टोक. सरोजा घाबरली. अक्का म्हणाल्या, "पर्लू आहे की!"

नावांतला कंसातला मजकूर काढायचा होता. अक्कांनी पर्लूला आज्ञा दिली: उघडणाऱ्या कंसापासून बंद होणाऱ्या कंसापर्यंत जे असेल ते पूस. पर्लूने पहिल्या कंसापासून ओळीतल्या शेवटच्या कंसापर्यंत सगळं गिळलं. जिथे दोन कंस होते, तिथे मधलं नावच नाहीसं. साहेब ओरडले. जुनी फ्लॉपी होती म्हणून निभावलं, पण त्या रविवारी अक्का डबा न आणता आल्या. खडूला हात न लावता बाकावर बसून राहिल्या.

"अक्का, शिकवा की," मी म्हटलं.

"काय शिकवू? मला येत नाही रे ते."

"म्हणून तर."

त्या उठल्या, आम्हां दोघांना फळ्यावर खुणा समजावू लागल्या: हे टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, ही चांदणी म्हणजे कितीही वेळा. "बकासुर आहे हा, थांबतच नाही!" आणि मागून सरोजा कन्नडमध्ये पुटपुटली, "चांदणीच्या पुढं प्रश्नचिन्ह लावून बघूया?" कुठेतरी उदाहरणात तिने ते पाहिलं होतं. लावलं. पर्लू पहिल्याच बंद कंसापाशी शहाण्यासारखा थांबला. अक्कांनी सरोजाच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

काम इतकं चोख झालं की साहेबांच्या लक्षात आलं, आता स्टोअरला दोन माणसं लागतच नाहीत. एकीने होसकोट्याला जायचं. अक्का थोरल्या, म्हणजे सरोजाने. अक्कांनी साहेबांना सांगितलं, मी जाते. सरोजा रडायला लागली, तर तिलाच रागावल्या, "तिथं कुणाला काय पण येत नाही म्हणे. असली जागा मी सोडू काय?"

गोदामाची सुट्टी मंगळवारी असे, त्यामुळे आमचे रविवार संपले. मलाही तोवर हेब्बाळजवळ एका छोट्या कंपनीत नोकरी लागली होती. शेवटच्या रविवारी मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. खिडकीतून त्या म्हणाल्या, "जेवत जा रे वेळेवर. सरी, येते." बस सुटली, कोपऱ्यावर वळली, आणि मला आठवलं, माझं एक कोडं आठवडाभर अडलं होतं, ते विचारायचंच राहिलं. त्यांना त्याचं उत्तर येणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. तरी त्यांनाच विचारायचं होतं.